अल्प खर्चातील ला पाझ

ज्या शहरात श्रीमंतांची वस्ती खाली आणि गरिबांची वर, असे शहर जगात क्वचितच आढळेल. सामान्यतः टेकडीच्या माथ्यावर बंगले उठतात आणि उतारावरचे पाणी जेथे साचते त्या सखल भागात झोपड्या दाटतात. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचे ला पाझ हे शहर या रीतीला अपवाद आहे. अँडीज पर्वतातील उंच पठाराला एके ठिकाणी मोठा द्रोण पडावा तशी एक दरी पडली आहे आणि त्या दरीत हे शहर वसले आहे. द्रोणाचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 4,100 मीटर उंच आहे, शहराचा मध्यभाग सुमारे 3,600 मीटरवर आहे आणि दक्षिणेकडील वस्त्या त्याहूनही खाली उतरल्या आहेत. खाली हवा थोडी दाट, ऊब थोडी अधिक आणि वारा कमी. म्हणून पैसा खाली उतरला. वरच्या उघड्या पठारावर खेड्यांतून आलेले आयमारा लोक घरे बांधीत राहिले. त्या वस्तीचे आज एल आल्तो नावाचे स्वतंत्र शहर झाले असून लोकसंख्येत त्याने ला पाझला मागे टाकले आहे.

पाठीवर पिशवी टाकून, बेताच्या पैशांत देश पाहू निघालेल्या तरुणांचे हे फार दिवसांपासूनचे आवडते ठाणे आहे. संविधानाप्रमाणे बोलिव्हियाची राजधानी सूक्रे हे शहर होय. परंतु 1899 च्या यादवी युद्धानंतर सरकार ला पाझला आले ते तेथेच राहिले. राजधानीच्या शहरात मुशाफिराने काटकसरीने राहावे हे बहुतेक देशांत कठीण असते. येथे ते साधते, कारण शहरातील बहुसंख्य लोक स्वतःच काटकसरीने राहतात आणि त्यांच्यासाठी जी सोय आहे तीच पाहुण्यालाही मिळते. किमतीचे आकडे मात्र कोणत्याही छापील पुस्तकावरून पाठ करून जाऊ नये. 2011 पासून पुढे बरीच वर्षे तेथील चलनाचा सरकारी दर डॉलरला सात बोलिव्हियानोच्या किंचित खाली बांधलेला होता. 2023 मध्ये डॉलरची टंचाई सुरू झाली आणि बाजारातला दर सरकारी दरापासून फारकत घेऊन चालू लागला. म्हणून हिशेब तेथे पोहोचल्यावर आणि चार दुकानांत विचारूनच मांडावा.

काटकसरीचा पहिला प्रश्न पैशाचा नसून श्वासाचा आहे. 3,600 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच उरतो. लेहला विमानाने उतरणाऱ्या माणसाला जे होते तेच येथे होते. डोके ठणकते, भूक मरते, जिन्याच्या दहा पायऱ्या चढताच छातीत धडधडू लागते, रात्री झोप तुटत राहते. स्थानिक लोक या व्याधीला ‘सोरोचे’ म्हणतात. विमानतळ तर काठावर, एल आल्तोत, 4,061 मीटरवर आहे. पेरूमधील लिमासारख्या समुद्रकाठच्या शहरातून विमानाने येणारा प्रवासी दोनएक तासांत समुद्राकाठून या उंचीवर येऊन पडतो. उलट, ज्याच्याजवळ पैसे कमी आहेत तो सांता क्रूसहून बसने निघतो. सांता क्रूस सुमारे 400 मीटरवर, तेथून कोचाबांबा सुमारे 2,550 मीटरवर. कोचाबांबाला दोनतीन दिवस काढून मग ला पाझची बस धरली, की शरीर वाटेतच पुष्कळसे सावरलेले असते. गरिबाचा मार्ग हाच वैद्याचाही मार्ग ठरावा असा योग प्रवासात फार वेळा येत नाही.

तरीही पहिले दोन दिवस काहीही पाहण्याचा अट्टाहास करू नये. हळू चालावे, पाणी प्यावे, हलके जेवावे, मद्य टाळावे. उतरण्याच्या जागोजागी कोकाच्या पानांचा काढा मिळतो. तो गरम आणि तरतरी आणणारा असतो, परंतु उंचीची व्याधी तो बरी करतो असे मानून पुढे चढत जाणे धोक्याचे आहे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, पावले अडखळणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे दिसली तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागले आहे असे समजून त्याच क्षणी खाली उतरले पाहिजे आणि डॉक्टर गाठला पाहिजे. खोलीचे भाडे आगाऊ दिले आहे, सहलीचे पैसे भरले आहेत, म्हणून एक रात्र काढू, हा हिशेब येथे माणसाच्या जिवावर बेततो. आणखी एक गोष्ट भारतीय प्रवाशाने ध्यानात ठेवावी. कोकाची पाने बोलिव्हियात भाजीबाजारात उघड विकली जात असली तरी भारताच्या 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ती निषिद्ध आहेत. आठवण म्हणून पुडी बांधून आणणे हा शुद्ध अविचार होय.

उतरण्यासाठी सामायिक खोलीतील एक खाट घेणे सर्वांत स्वस्त. अशी उताराघरे सान फ्रान्सिस्को चर्चच्या पाठीमागे चढत जाणाऱ्या सागार्नागा या गल्लीच्या आजूबाजूला दाटीने आहेत. खाट निवडताना भाड्याइतकीच चौकशी पांघरुणांची करावी. मे ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू प्रवासाला उत्तम. पण जून-जुलैच्या रात्री फार थंड असतात आणि स्वस्त घरांतून खोली गरम करण्याची सोय बहुधा नसते. डिसेंबर ते मार्च पावसाचे महिने.

शहर पाहावयास पैसा लागत नाही, दम लागतो. 1548 साली अलोन्सो दे मेंदोसा याने हे नगर प्रथम वर पठारावर, लाहा या गावी स्थापन केले आणि थोड्याच दिवसांत वाऱ्याच्या भयाने ते खाली या दरीत आणले. दरीतून वाहणारी चोकेयापू नदी आज मध्यभागी दिसत नाही. शहराचा जो मुख्य रुंद रस्ता, त्याच्या पोटातून ती वाहते. वाट चुकलेल्याने उताराने चालत राहावे, तो या रस्त्यावर येऊन पोहोचतो. सान फ्रान्सिस्को चर्चचे सध्याचे दगडी रूप अठराव्या शतकातले आहे. त्याच्या दर्शनी भागावर युरोपीय वेलबुट्टीत स्थानिक फळे, पाने आणि चेहरे मिसळून गेले आहेत. धनी स्पेनचा, पण टाकी आयमारा पाथरवटाच्या हातची, हे त्या दगडाकडे थोडा वेळ पाहिले की उमगते. मुरिय्यो चौकात संसदेच्या इमारतीवर एक घड्याळ आहे; 2014 पासून त्याचे काटे उलटे, म्हणजे उजवीकडून डावीकडे फिरतात. दक्षिण गोलार्धात सावली ज्या दिशेने सरकते ती दिशा घड्याळाने धरावी, असा त्यामागचा युक्तिवाद. वेळ पाहण्यासाठी मात्र लोक मनगटाकडे पाहतात.

या शहरात पाठीवर ओझे घेऊन हिंडणारा परका तरुण कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण ओझे सर्वांच्याच पाठीवर आहे. घेरदार परकर नेसलेल्या, डोक्यावर गोल टोपी कलती ठेवलेल्या आयमारा स्त्रिया रंगीत पट्ट्यांच्या एका चौकोनी वस्त्रात मूल, बटाटे, जळण, दुकानाचा माल असे वाटेल ते बांधून पाठीवर घेतात. त्या वस्त्राला ‘आग्वायो’ म्हणतात. चढाच्या रस्त्यावर पन्नाशीची बाई असे ओझे घेऊन संथपणे पुढे निघून जाते आणि पंचविशीचा पाहुणा भिंतीला टेकून उभा असतो, हे दृश्य रोजचेच.

जेवणाच्या बाबतीत ला पाझ मुशाफिराला विशेष जिव्हाळा लावते, आणि मराठी मुशाफिराला तर थोडी ओळखही पटवते. दुपारी मंडईच्या वरच्या मजल्यावर किंवा साध्या खाणावळीत ‘अल्मुएर्सो’ मिळतो. म्हणजे ठरावीक दरात एक वाडगाभर सार आणि त्यानंतर एक भरलेले ताट. सारांमध्ये शेंगदाण्याचे सार प्रसिद्ध आहे. कच्चे दाणे वाटून, शिजवून ते करतात. उपासाच्या दिवशी दाण्याची आमटी खाणाऱ्यास त्याचे नवल वाटू नये. भुईमुगाचे मूळ स्थानच मुळी दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेला अर्जेंटिनाचा भाग हे मानले जाते. बटाटा याच अँडीजच्या पठारावर माणसाळला. ताटाच्या कडेला लाल-हिरवे वाटण असते. टोमॅटो आणि ‘लोकोतो’ नावाची गरगरीत मिरची पाट्यावर वाटून ते करतात. त्यांचा पाटा आपल्यासारखाच सपाट असतो. वरवंट्याऐवजी अर्धचंद्राकृती जाड दगड दोन्ही हातांनी झुलवतात एवढाच फरक. आपला ठेचा खाणाऱ्याला ते परके वाटणार नाही. शाकाहारी माणसाने मात्र नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. तेवढे म्हटले तर ताटातील तुकडा काढून घेतात. सार हाडांच्या पाण्यातच उकळलेले असू शकते. ते आधी विचारून घ्यावे.

उंचीचा परिणाम स्वयंपाकावरही होतो. येथे पाणी सुमारे 88 अंशांवरच उकळते. डाळ शिजता शिजत नाही, भात कणीदार राहतो. म्हणून प्रेशर कुकर ही या शहरात चैनीची वस्तू नव्हे. याच थंडीचा आणि उंचीचा उपयोग करून आयमारा लोकांनी बटाटा टिकविण्याची युक्ती शोधून काढली. जून-जुलैत बटाटे उघड्या माळावर पसरून रात्रीच्या हिमात गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात, उन्हात वाळवतात. असे काही दिवस केले की खड्यासारखा काळा, हलका ‘चुन्यो’ तयार होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. पाहुण्यांपैकी पुष्कळांना त्याची मातकट चव पहिल्या घासाला रुचत नाही. पण ज्या पठारावर पीक केव्हा गोठेल याचा नेम नाही, तेथे तो दुष्काळातला अन्नसाठा होता हे कळल्यावर तो निदान आदराने तरी खाल्ला जातो. सकाळच्या थंडीत जांभळ्या मक्याचे, दालचिनी-लवंग घातलेले दाट गरम पेय ‘आपी’ घ्यावे. सोबत तळलेली, फुगलेली, आत चीज घातलेली पुरी असते. एवढ्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही.

मंडईत विकणारी आणि विकत घेणारी दोघीही एकमेकींना ‘कासेरा’ म्हणतात. नेहमीचे गिऱ्हाईक आणि नेहमीची विक्रेती या दोहोंना तो एकच शब्द. दोन दिवस एकाच बाईकडून फळे घेतली की तिसऱ्या दिवशी ती वर एखादे फळ आपणहून टाकते. या वरच्या दाण्याला ‘यापा’ म्हणतात. घासाघीस करून जे मिळत नाही ते असे मिळते. डॉलरच्या हिशेबात क्षुल्लक असणाऱ्या रकमेसाठी म्हातारीशी अर्धा तास हुज्जत घालणारे पर्यटकही असतात. त्यांना ते कौशल्य वाटते. त्या काटकसरीचे कौतुक करण्याचे कारण नाही.

या शहरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भव्य प्रेक्षणीय वस्तू म्हणजे त्याचा रज्जुमार्ग. यात्रास्थळी डोंगर चढण्यासाठी असतो तसा हा नव्हे. ही शहराची नित्याची वाहतूक आहे. खालून वर जाण्यासाठी पूर्वी नागमोडी रस्त्यावर मिनीबसमध्ये खोळंबून राहण्याखेरीज उपाय नव्हता. मे 2014 मध्ये जुन्या रेल्वे स्थानकापासून एल आल्तोपर्यंतचा लाल मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी पिवळा आणि हिरवा मार्ग जोडला जाऊन राष्ट्रध्वजाचे तिन्ही रंग पुरे झाले. 2019 पर्यंत दहा मार्ग झाले आणि त्यांची एकूण लांबी 30 किलोमीटरांवर गेली. सुरुवातीला एका मार्गाचे भाडे तीन बोलिव्हियानो, म्हणजे त्या वेळच्या सरकारी दराने अर्ध्या डॉलरहून कमी, होते. एका डब्यात दहा माणसे बसतात. शेजारी शाळकरी मुले, समोर आग्वायोतले बाळ मांडीवर घेतलेली आई, आणि काचेखाली विटांची अर्धवट बांधलेली घरे, गच्च्यांवरचे धुणे, कबरस्तानातील मजल्यामजल्यांनी रचलेली थडगी. वर काठावर पोहोचताच पूर्वेला 6,438 मीटर उंचीचा हिमाच्छादित इयिमानी समोर उभा राहतो. हे दृश्य दाखविण्यासाठी दुसऱ्या एखाद्या देशात वेगळे तिकीट काढले असते.

या मार्गाने दुसरेही काही साधले. वर राहणारी मोलकरीण आणि खाली राहणारा वकील एकाच डब्यात समोरासमोर बसू लागले. एल आल्तो आणि ला पाझ यांचे नाते नेहमी सलोख्याचे नव्हते. 1781 साली तुपाक कातारी या आयमारा पुढाऱ्याने याच काठावरून स्पॅनिश शहराला महिनोन् महिने वेढा घातला. खाली लोक उपासमारीने मेले आणि शेवटी कातारीला हालहाल करून मारण्यात आले. ऑक्टोबर 2003 मध्ये देशाचा नैसर्गिक वायू बाहेर विकण्याच्या प्रश्नावरून एल आल्तोच्या लोकांनी रस्ते अडविले, गोळीबारात साठांहून अधिक माणसे मेली, आणि अध्यक्षांना देश सोडून जावे लागले. रस्ता अडविणे, तेथील भाषेत ‘ब्लोकेओ’, हे बोलिव्हियातील राजकारणाचे आजही चालते हत्यार आहे. मुशाफिराने परतीच्या विमानापूर्वी एकदोन दिवस मोकळे ठेवावेत ते यासाठी. अडथळा ओलांडून जाण्याची शर्यत कधी करू नये. गुरुवारी व रविवारी लाल मार्गाच्या वरच्या टोकाला फार मोठा बाजार भरतो. जुने कपडे, मोटारींचे सुटे भाग, औषधी मुळ्या, नवे दूरदर्शन संच असे सर्व काही तेथे मिळते, खिसेकापूही असतात.

शहराबाहेरची स्थळे पाहण्यास सहलकंपनीची गाडी लागतेच असे नाही. मिनीबसच्या दारात उभा राहून पोरगा जी ठिकाणे ओरडतो ती नीट ऐकावी एवढेच. मायासा भागातील ‘चंद्राची दरी’ शहराच्या बसनेच गाठता येते. पावसाने कोरलेल्या मातीच्या सुळक्यांचा तो प्रदेश तासाभरात पाहून होतो. तिवानाकूला मात्र पुरा दिवस द्यावा.

तिवानाकू शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे. गाड्या कबरस्तानाजवळून सुटतात. इंका साम्राज्य उदयास येण्याच्या कित्येक शतके आधी, स्थूलमानाने इसवी सन 500 ते 1000 या काळात, हे नगर भरभराटीस आले होते. एकाच दगडातून कोरलेले ‘सूर्यद्वार’ सर्वांनी चित्रात पाहिलेले असते. ते प्रत्यक्षात अपेक्षेहून लहान वाटते, आणि मग पूमा पुंकू येथे विखुरलेले प्रचंड चिरे पाहून माणूस चकित होतो. त्यांच्या कडा आणि खाचा इतक्या काटेकोर आहेत की परग्रहावरून आलेल्यांनी त्या घडविल्या अशा वावड्या उठल्या. त्या वावड्यांत आयमारांच्या पूर्वजांचा अपमान आहे याची जाणीव त्या उठविणाऱ्यांस नसावी. 1932 साली येथे सात मीटरांहून उंच अशी एक दगडी मूर्ती सापडली. तिला राजधानीत नेऊन रस्त्यात उभे केले; धूर आणि पाऊस यांनी ती झिजू लागली, आणि 2002 साली तिला परत तिवानाकूला आणण्यात आले. युनेस्कोने 2000 साली हे स्थळ जागतिक वारशात घेतले. परदेशी माणसास प्रवेशशुल्क जास्त पडते. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याने आपल्याकडील ताजमहालाच्या दारातील फलक आठवावा.

ज्या सहलीत पैसे वाचविणे चुकीचे, ती युंगासच्या जुन्या रस्त्याची. सुमारे 4,650 मीटरच्या खिंडीतून हा रस्ता कड्याच्या अंगाने दमट जंगलात उतरतो. 1930 नंतरच्या दशकात पॅराग्वेशी झालेल्या चाको युद्धातील कैद्यांकडून तो बांधून घेतला होता. 1983 साली येथे एक बस कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली. नवा रस्ता झाल्यावर मोटारी तिकडे वळल्या आणि जुना रस्ता सायकलस्वार पर्यटकांना मोकळा झाला. तेथेही मृत्यू झाले आहेत. सागार्नागात दर दहा पावलांवर या सहलीची पाटी असते आणि दरात चढाओढ असते. दर कोठून कमी झाला, ब्रेकमधून, सायकलीच्या डागडुजीतून की वाटाड्याच्या मजुरीतून, हे विचारल्याशिवाय सर्वांत स्वस्त पाटीकडे जाऊ नये.

चाकालताया या शिखराच्या सहलीची गोष्ट निराळी. 5,421 मीटरच्या या शिखरावर 1939 साली बोलिव्हियन गिर्यारोहण मंडळाने बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे केंद्र उभारले. जगातील सर्वांत उंच म्हणून त्याची ख्याती होती. 1947 मध्ये येथेच ठेवलेल्या छायाचित्रण-काचांवर विश्वकिरणांतील पायॉन या कणाचे माग उमटले. आज मोटार जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, शेवटची चढण पायी करावी लागते, आणि वर पोहोचल्यावर उघडे खडक, रिकामी इमारत आणि गंजलेली यंत्रे दिसतात. सुमारे अठरा हजार वर्षांची ती हिमनदी 2009 साली पूर्णपणे नाहीशी झाली. एवढ्या लहान हिमनदीचे काय, असे म्हणावयाची सोय नाही. कारण या रांगेतील हिम व पाऊस यांवरच खालच्या दोन्ही शहरांची धरणे भरतात. नोव्हेंबर 2016 मध्ये पाऊस लांबला, धरणे तळाला गेली आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या वेळी नळ कोरडे पडले ते दक्षिणेकडील सधन वस्त्यांतही. लोक भांडी घेऊन पाण्याच्या टँकरपुढे रांगेत उभे होते. स्वस्त खोलीत गरम पाण्याची धार बारीक असल्याची तक्रार करण्यापूर्वी प्रवाशाने हे ऐकलेले असावे.

शेवटी तितिकाका. हे विशाल सरोवर 3,812 मीटरवर आहे. कोपाकबाना या काठच्या गावी जाणारी बस तिकीना येथे थांबते, कारण तेथे सरोवराचा एक चिंचोळा भाग आडवा येतो. उतारूंना उतरवून लहान होडीतून पलीकडे नेतात. बस एका तराफ्यावर चढते आणि डुलत डुलत मागून येते. होडीचे भाडे वेगळे द्यावे लागते, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवावीत. कोपाकबानाहून बोटीने सूर्यबेटावर जाता येते. सूर्य आणि इंकांचा मूळपुरुष येथे प्रकट झाला अशी कथा आहे. बेटावर मोटार नाही. धक्क्यापासून वरच्या वस्तीपर्यंत दगडी पायऱ्या चढाव्या लागतात आणि खेचर किंवा स्वतःची पाठ याखेरीज सामान वाहण्याचे साधन नाही. रात्र तेथेच काढावी. वस्तीतील घरांतून साध्या खोल्या मिळतात, ताटात सरोवरातला मासा किंवा घरचे बटाटे येतात, आणि पहाटे पलीकडच्या तीरावर हिमशिखरांची रांग उजळते. कोपाकबानाहून पेरूची सरहद्द जवळच आहे. ज्याला पुढे कुस्कोकडे जावयाचे त्याला ला पाझला परतण्याची गरज नाही, सरहद्दीपलीकडे पूनोची गाडी मिळते.